क्ष नावाची मुलगी

४ ऑगस्ट

मुख्याध्यापकांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांनी दार लोटलं की काहीतरी गळ्यात पडणार, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. एका संस्थेचा प्रकल्प आलाय, दहावीच्या वर्गासाठी. गर्भनिरोधन आणि गर्भपात या विषयांभोवती जी लाज असते, कुजबुज असते, बोटं दाखवणं असतं, ते कमी करायचं. चार तास घ्यायचे. सुरुवातीला आणि शेवटी मुलांकडून तीच प्रश्नावली भरून घ्यायची, म्हणजे फरक मोजता येतो.

"जीवशास्त्र तुमचं, तेव्हा हेही तुमचंच," ते म्हणाले. "फक्त जरा जपून. म्हणजे सांगा सगळं, पण कुणाच्या लक्षात यायला नको."

मी हो म्हटलं. का म्हटलं याचा घरी येताना विचार करत होते. विषय महत्त्वाचा आहे, हे एक. मला जमेल असं वाटलं, हे दुसरं. आणि स्टाफरूममधल्या बाकी कुणाला जमणार नाही, असंही वाटलं. हे तिसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं नसावं.

मुलांची नावं या वहीतसुद्धा लिहायची नाहीत असं ठरवलंय. टोपणनावं पुरेत.

७ ऑगस्ट

संस्थेच्या बाई दिवसभर शिकवून गेल्या. भरभर बोलतात, पण विषयाची जाण आहे. त्यांनी दिलेल्या नमुन्यात एक गोष्ट आहे. गरीब, भोळी, फसवली गेलेली मुलगी. शेवटी सगळ्यांना तिची दया येते. "गोष्ट बदललीत तरी चालेल," बाई म्हणाल्या, "फक्त मुलीचं नाव वर्गातल्या कुणाचं नको."

मला ती दयाच खटकली. रडवून मिळवलेली सहानुभूती म्हणजे आदर नव्हे. म्हणून संध्याकाळी बसून माझी गोष्ट लिहिली. नाव कुठलंही घेतलं तरी ते कुणाचं तरी असतंच, तेव्हा बीजगणितातल्यासारखं 'क्ष' ठेवलं. क्ष दहावीत आहे. धावण्यात पहिली. मोठ्यानं हसते. तिला दिवस जातात. ती डॉक्टरकडे जाऊन गर्भपात करून घेते, काही दिवस मावशीकडे राहते, आणि थोडी वाळून परत शाळेत येते. प्रश्न एवढाच: ती वर्गात शिरते तेव्हा तुम्ही काय करता?

नवऱ्याला वाचून दाखवली. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे तो सगळं थोडं लांब धरून बघतो. म्हणाला, "चांगली आहे. धावण्यात पहिली कशाला पण?"

"कारण ती बिचारी नाहीये म्हणून."

"बरं," म्हणाला.

१३ ऑगस्ट

पहिला तास. आधी प्रश्नावली. 'गर्भपात केलेल्या मुलीशी मी मैत्री ठेवेन' यापुढे बहुतेकांनी 'नाही'वर खूण केली; काहींनी दोनदा गिरवली.

फळ्यावर 'कंडोम' लिहिलं तशी मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. मी ती ओसरेपर्यंत थांबले आणि म्हटलं, "औषध देऊ की पुढे जाऊ?" हसले सगळे. मग वर्ग सैल झाला.

शेवटच्या बाकावर एक मुलगा आहे, प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढतो म्हणून त्याला सगळे 'वकील' म्हणतात. तो उभा राहिला.

"मॅडम, म्हणजे त्यात वाईट असं काही नाही?"

"नाही."

"लाजण्यासारखं काही नाही?"

"नाही."

"मग तुम्ही केलाय का कधी?"

"नाही," मी म्हटलं. लगेचच. वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं खिडकीजवळची 'शिडी' हसली. वर्गात सगळ्यांत उंच, शाळेच्या धावण्याच्या संघातली, आणि हसायला लागली की थांबत नाही. मग मी समजावलं की असे प्रश्न खासगी असतात, ते कुणी कुणाला विचारायचे नसतात. वकील "सॉरी मॅडम" म्हणून बसला. एकंदरीत छान गेला तास.

२० ऑगस्ट

दुसरा तास. मी क्षची गोष्ट वाचली. इतकी शांतता या वर्गात मी कधी ऐकली नव्हती. 'मावशीकडे' हा शब्द आला तेव्हा एकमेकांकडे पाहिलं त्यांनी, आणि मग बरेच जण खिडकीच्या बाजूला बघत राहिले. डोळ्यांतलं दिसू नये म्हणून असेल. या वयात मुलं रडणं लपवतात. मनात म्हटलं, पोचलं.

तास झाल्यावर मॉनिटर प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला थांबली. ही माझा उजवा हात आहे. हजेरी, डस्टर, खडू, सगळं न सांगता. वायर गुंडाळताना म्हणाली, "मॅडम, क्ष डॉक्टरकडे एकटीच गेली का?"

"गोष्टीत तसं लिहिलेलं नाही गं."

"नाही, म्हणजे एकटीला आत घेतात का?"

मी विचारलं, का गं, तर म्हणाली की वक्तृत्व स्पर्धेत हाच विषय घ्यावा म्हणतेय. मला फार बरं वाटलं. एका तरी डोक्यात काहीतरी पेटलं.

शिडीच्या आईचा सकाळी फोन होता. पोरीला कावीळ झालीय, महिनाभर तरी येणार नाही. आईची फॅक्टरीत शिफ्ट, घरी बघायला कुणी नाही म्हणून मावशीकडे ठेवलंय. वह्या पाठवायला हव्यात.

२८ ऑगस्ट

तिसरा तास, गर्भनिरोधनाची साधनं. आता कुणी खोकत नाही. वकिलानं चक्क नीट प्रश्न विचारला.

मॉनिटर आजही थांबली. भाषणासाठी दोन मुद्दे हवे होते: आईबाबांच्या सहीशिवाय दवाखान्यात घेतात का, आणि किती उशीर झालेला चालतो. मी म्हटलं, उशिराचं एवढंच लक्षात ठेव, जितकं लवकर तितकं सोपं आणि सुरक्षित. सहीचा नियम मात्र मला नेमका माहीत नाही, आणि अर्धवट माहिती द्यायची नाही हा माझा शिरस्ता आहे. नवऱ्याकडे चष्म्याला येणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना विचारून सांगते.

"गुरुवारी सांगितलं तर चालेल ना? स्पर्धेला तर अवकाश आहे."

"चालेल मॅडम," म्हणाली.

चेहरा ओढलेला वाटतो तिचा. पाठांतराचं फार मनावर घेते ही मुलगी.

४ सप्टेंबर

गुरुवार गेला. डॉक्टरीणबाई गावाला गेल्यात. मॉनिटरला सांगितलं, थोडं थांब.

१७ सप्टेंबर

शिडी आली. वाळलीय, गणवेश दांडीवर वाळत घातल्यासारखा लोंबतो अंगावर. मी वर्गात तिचं स्वागत केलं. टाळ्या वाजल्या. जरा जास्तच वाजल्या.

१९ सप्टेंबर

आज कळलं. 

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी मी भिंतीआड होते. शिडी पाणी प्यायला आली तसे वकील आणि दोघं-तिघं बाजूला झाले, वाट करून दिली. एक जण म्हणाला, "या क्ष, आम्ही तुमचा आदर करतो." दुसरा म्हणाला, "तुझं शरीर, तुझा निर्णय." एक मुलगी म्हणाली, "अरे तिला प्रश्न विचारू नका, खासगी असतात." आणि मग जे हसू झालं, ते पहिल्या तासाचं नव्हतं.

माझीच वाक्यं. एकही शब्द त्यांनी पदरचा घातलेला नाही. शिक्षा करायची तर कुठल्या शब्दासाठी करू?

मग शांत डोक्यानं मांडून पाहिलं. धावण्यात पहिली. मोठ्यानं हसणारी. मावशीकडे गेलेली. वाळून आलेली. गोष्ट लिहिली तेव्हा ही मुलगी रोज वर्गात हजर होती, तब्येत ठणठणीत. पण वाचली तेव्हा तिचा बाक रिकामा होता, आणि ती मावशीकडे आहे हे मला त्याच सकाळी फोनवर कळलं होतं, वर्गाला बहुधा त्याआधीच. मी नावाचं एवढं जपलं. बाकी सगळी मुलगी तिच्यावरूनच उचलली होती का? तिला डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं, असं आज छातीठोक म्हणता येत नाही.

२० सप्टेंबर

शिडी आज स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच.

"मॅडम, मला क्ष म्हणतात."

"ऐकलंय मी. फार चुकीचं करतायत."

"तुम्ही एकदा सांगा ना वर्गात. मला कावीळ झाली होती, एवढंच. तुमचं ऐकतील."

मी तिला बसवलं आणि समजावलं. मी उभी राहून 'हिनं तसं काही केलेलं नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो? की केलं असतं तर ती लाजेची गोष्ट असती. मग आपण तीन तास काय शिकलो? मी वेगळ्या पद्धतीनं बोलेन, म्हटलं. असं बोलेन की हा प्रश्न विचारायची कुणाला पुन्हा हिंमत होणार नाही.

ती म्हणाली, "पण मी नव्हतं ना केलेलं."

"तोच तर मुद्दा आहे, बाळा. केलं की नाही याला महत्त्वच द्यायचं नाही."

"मला आहे महत्त्व," ती म्हणाली, आणि गेली.

मॉनिटर बाहेर ताटकळत होती. तिला म्हटलं, आज नको गं, डोकं जागेवर नाही.

२२ सप्टेंबर

चौथा तास. काल दिवसभर तयारी केली होती. कुणाचंही नाव न घेता बोलले. माणूस गैरहजर का होता हे शोधणं आपलं काम नाही. ते आजारपण असेल, दुसरं काही असेल. दुसरं काही असलं तरी त्यात कमीपणा नाही. अशी मुलगी आपल्यात असेल तर ती आपलीच आहे. बोलताना माझाच आवाज भरून आला.  मी समाधानानं खाली बसले.

शिडी खाली मान घालून बाकावर नखानं रेघ ओढत होती. तास संपायच्या आधीच दप्तर घेऊन निघून गेली. मी थांबवलं नाही. तिचा निर्णय आहे म्हटलं.

जिन्यात मुलींचं बोलणं कानावर आलं. "बघितलंस? मॅडम नाही म्हणाल्या नाहीत." "मॅडमना माहितीय सगळं. म्हणून तर रडायला आलं त्यांना."

२३ सप्टेंबर

शिडी आली नाही. तिची आई आली, फॅक्टरीचा निळा कोट अंगावर तसाच. टेबलावर फाइल ठेवली. "बघा. रक्ताचे रिपोर्ट, सगळे."

मी फाइल तिच्याकडे सरकवली. "मला पुरावा नकोय ताई. माझा तुमच्या मुलीवर विश्वास आहे."

"तुम्हाला नकोय. आम्हाला हवाय," ती म्हणाली. "संघातल्या पोरी बाहेरगावी तिच्याबरोबर खोलीत राहायला तयार नाहीत. पीटीचे सर म्हणतात, या वेळची स्पर्धा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती शाळेत असणार आहे का? रात्रभर झोपत नाही पोर. तिला शाळाच नको म्हणतेय."

मी तत्त्वाचं सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमची गोष्ट खोटी होती ना? मनानं रचलेली?"

"हो."

"मग त्या खोट्या पोरीची एवढी काळजी, आणि माझी पोर?"

फाइल तिथेच ठेवून गेली.

नवरा रात्री जेवताना म्हणाला, "कावीळ होती, एवढं सांगून टाक ना. दोन शब्द आहेत."

"दोन शब्दांचा प्रश्न नाहीये."

"माझ्याकडे माणूस दिसत नाही म्हणून येतो," तो म्हणाला, "तेव्हा मी त्याला दृष्टी या विषयावर भाषण देत नाही. काच बदलून देतो."

मला राग आला. त्याच्या धंद्यात सगळं सोपं असतं. पण झोप मलाही आली नाही.

२५ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर शिडीच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीवर खिळ्याला तिची पदकं, एकावर एक अडकवलेली. ती स्टुलावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. वर पाहिलं नाही.

म्हटलं, मी चुकले असेन, पण माझा हेतू समजून घे.

"कळलाय मला हेतू," ती म्हणाली. शेंग मोडली. "एक विचारू? खासगी आहे."

"विचार."

"वकिलानं तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही केलाय का. तेव्हा तुम्ही भाषण नाही केलंत. लगेच नाही म्हणालात."

  शेंगा संपल्या तसं ती सूप उचलून आत गेली. तिची आई मला जिन्यापर्यंत सोडायला आली.

माझ्यासाठी 'नाही' किती सहज आलं. तेव्हा तत्त्व कुठे होतं? तिच्या नावाचा प्रश्न आला तेव्हाच कसं उभं राहिलं? स्वतःच्या वाटणीचं मी उरकून घेतलं आणि तिच्या वाटणीचं तिलाच उचलायला लावलं. एवढे दिवस मी त्याला प्रामाणिकपणा म्हणत होते.

२६ सप्टेंबर

सांगितलं.

शिडीला आईनं हाताला धरून आणून बसवलं होतं. मी पहिल्याच तासाला उभी राहिले. "हिला कावीळ झाली होती. रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. तुम्ही जे म्हणताय तसं काही, काहीही, झालेलं नाही. आणि माझी गोष्ट हिच्यावर नव्हती." रिपोर्ट मी काल रात्री खरोखरच पाहिले, न पाहता पाहिले म्हणायचं नव्हतं.

वर्गानं श्वास सोडला. मला तो ऐकू आला. वकील उभा राहिला. पोरगा मनानं वाईट नाही. म्हणाला, "सॉरी शिडी. आम्हाला वाटलं तू तसली."

'तसली'. शब्द मला टोचला. पण शिडी हसली होती, आल्यापासून पहिल्यांदा, आणि शेजारची मुलगी सरकून तिला जागा करून देत होती. मी तो शब्द जाऊ दिला. पुन्हा तत्त्व काढायचं नाही, असं ठरवूनच आत आले होते.

मॉनिटर तेवढ्यात फळा पुसायला उठली होती. सगळे शिडीभोवती जमले तरी ती पाठमोरी पुसतच होती. फळा केव्हाच कोरा झाला होता. म्हटलं, "बस गं आता, झालं." बसली.

राहिलेली प्रश्नावली आजच भरून घेतली. 'मैत्री ठेवेन'पुढे जवळजवळ सगळ्यांचं 'हो'. संस्थेच्या बाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, इतका फरक दुसऱ्या कुठल्याच शाळेत पडलेला नाही.

२९ सप्टेंबर

शिडीला संघात परत घेतलं. पीटीच्या सरांनी तिच्या आईला फोन करून सांगितलं, "सगळं क्लिअर झालं ना, मग प्रश्नच मिटला." शिडी मला आज "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली. त्याहून एक शब्द जास्त नाही. माझी तक्रार नाही.

मॉनिटर आली होती. म्हणाली, "मॅडम, ते दवाखान्याचं विचारायचं राहू द्या. मी स्पर्धेतून नाव काढलंय."

"का गं? एवढी तयारी केलीस."

"असंच."

मग तिनं विचारलं, "मॅडम, शिडीचं खरं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं. नाही ना झालं तसं? देवाची कृपा." तोंडातून निघून गेलं. मी एरवी असं बोलत नाही. तिनं मान हलवली आणि हजेरीपट ठेवून गेली. घरच्यांनी विषयावरून झापलं असेल. ही भाषणं घरी कुठे चालतात. मी खोदून विचारलं नाही. कारणं शोधत बसायचं नाही, एवढं तरी मी या महिन्यात शिकले.

६ ऑक्टोबर

मॉनिटर आली नाही. गेल्या आठवड्यातही मध्येच दोनदा घरी गेली होती. तिच्या आईचा निरोप आहे: बरं नाही, आजोळी पाठवलंय, कधी येईल सांगता येत नाही.

हजेरीच्या वेळी वकिलानं तोंड उघडलं, "मॅडम, मॉनिटर कुठे—"

"कोण कुठे आहे याची चौकशी या वर्गात होणार नाही," मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली.  शिडीनं मात्र माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटतं, तिला पटलं असावं. मागच्या वेळी हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

९ ऑक्टोबर

दुकानात डॉक्टरीणबाई भेटल्या. आता गरज नव्हती, तरी कबूल केलेलं काम म्हणून विचारलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं: कुणाला सही लागते, कुणाला नाही, सही द्यायला कुणी नसेल तर काय करतात. म्हणाल्या, "अशा मुलीला आम्ही परत पाठवत नाही. फक्त वेळेत यायला हवं. घरी कुणाकडून काहीतरी घेऊन मग येतात, तेव्हा आमच्याही हातात फार राहत नाही."

मग म्हणाल्या, "कोण विचारत होतं?"

"वर्गातली एक मुलगी. वक्तृत्व स्पर्धेसाठी."

"एकटीला घेतात का, सही लागते का, किती उशीर चालतो," त्यांनी बोटांवर मोजलं. "स्पर्धेसाठी? भाषणात यातलं काय येतं हो?"

मला त्यांचा सूर आवडला नाही. शिकलेल्या माणसांनी तरी असं करू नये. मुलीनं प्रश्न विचारला की तिच्यावर संशय. मग मुली विचारणं बंद करतात. मी त्यांना तसं स्पष्ट म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी संशय घेत नाहीये मॅडम. काळजी करतेय. मुलगी कशी आहे?"

"आजोळी गेलीय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. नवऱ्यानं काउंटर पुसायला घेतलं.

११ ऑक्टोबर

संस्थेकडून पत्र आलं. इतर शाळांतल्या शिक्षकांना मी प्रशिक्षण द्यावं, अशी विनंती आहे. मुख्याध्यापकांनी या वेळी दार उघडं ठेवून अभिनंदन केलं.

नवरा रात्री म्हणाला, "त्या पोरीच्या घरी एकदा जाऊन ये."

"कशासाठी?"

"सहज. तब्येत विचारायला."

"एका मुलीच्या गैरहजेरीचं कारण वर्गानं काढलं, तेव्हा काय झालं ते पाहिलंस ना? आता तेच मी करू?"

"तू वर्ग नाहीयेस," तो म्हणाला.  

१३ ऑक्टोबर

बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते. काय विचारणार? आणि माझा अंदाज चुकला तर? एका निरपराध मुलीवर मी एकदा गोष्ट लादली. दुसरीवर मनातल्या मनातही लादायची नाही. आणि चुकला नाही, तर तिनं आपण होऊन सांगितलं असतंच. माझ्याशी मोकळी होती ती. तिला कुठलीही गोष्ट माझ्याशी बोलता आली असती, एवढी तरी खात्री मला आहे.

शेवटी तिच्या आईच्या फोनवर एवढंच लिहिलं: 'लवकर बरी हो. वर्ग वाट बघतोय.'

रात्री आईचा एका ओळीचा निरोप आला. दवाखान्यात ठेवलंय, भेटायला कुणी येऊ नये.

वाचलं. दिवा मालवून परत लावला आणि पुन्हा वाचलं. कुठल्या, कशासाठी, काही लिहिलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.